इंदुरी ऊब

गालिचा लिफ्टमध्ये मावेना. उभा केला की छताला अडायचा, आडवा केला की दार मिटायचं नाही. नौपाड्यातल्या दुकानापासून बाळकुमपर्यंत तो रिक्षातून कसाबसा आणला होता, आणि आता घराच्या चौदा मजले खाली आम्ही दोघं अडकलो होतो. गालिचा आणि मी.

लिफ्टमध्ये आधीपासून एक गृहस्थ उभे होते. उंच, पांढऱ्या मिशा, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. जानेवारीची सकाळ होती. मी स्वेटर, त्यावर शाल आणि पायात मोजे अशा थाटात होते. त्यांनी गालिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काश्मीरला चाललात का?"

"नाही, चौदाव्या मजल्यावर," मी म्हटलं. "तिथे थंडी जास्त असते."

ते हसले नाहीत, फक्त मिशी हलली. मग त्यांनी गालिच्याची दोन्ही टोकं धरली, गुडघा टेकवून तो मधोमध वाकवला आणि अलगद आत ओढून घेतला.

"हट्टी आहे," ते म्हणाले, "पण मऊ आहे नं... वाकवला की वाकतो."

हे गालिच्याबद्दलच होतं, असं मी धरून चालले.

चौदा मजल्यांत माणूस कळत नाही. पण मी पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. चेहरा न बघता, नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायची कानाला सवय. 'आहे नं' मधला तो 'नं' ऐकला आणि वाटलं, हे इथले नव्हेत. खरंच नव्हते. गुरुदत्त सप्रे, चार पिढ्या इंदूरला, तिथल्याच वीज मंडळातून निवृत्त. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. आमच्याच इमारतीत बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या ऐश्वर्याचे हे वडील. दिवाळीनंतर लेकीकडे हिवाळा काढायला आले होते. परतीचं तिकीट फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारचं, हेही त्यांनी त्या पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. ते इतक्या लवकर का सांगितलं, असं मला नंतर फार वेळा वाटलं.

लग्नानंतरचं माझं सगळं आयुष्य डोंबिवलीत गेलं. एक्केचाळीस वर्षं एकाच घरात. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्या घराने मला एकटं पडू दिलं नव्हतं. मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि माझ्या मुलाने, सलिलने, मला बाळकुमच्या या टॉवरमध्ये आणून ठेवलं. तो स्वतः बंगळुरूला. घर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, ट्यूबलाइट पांढऱ्या. सकाळी जमिनीवर पाय ठेवला की थेट गुडघ्यापर्यंत गारवा चढायचा.

माझं लहानपण नौपाड्यातलं. तेव्हा बाळकुम हे गाव होतं, शेतांचं. वडील रविवारी आम्हाला चालवत इकडे आणायचे आणि वालाच्या शेंगा घेऊन परत न्यायचे. डिसेंबर लागला की आई स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी मधोमध ठेवायची आणि आम्ही पाचजण तिच्याभोवती. तिथे बसायला जागा कमी होती, म्हणूनच बरं वाटायचं. या पांढऱ्या घरात जागाच जागा होती. सलिलला फोनवर म्हटलं, मला हे घर हिवाळ्यासारखं करायचंय. तो हसला. म्हणाला, आई, ठाण्यात थंडी तीन आठवडे असते. मी म्हटलं, तीन तर तीन.

गालिचा घरात पोहोचवून सप्रे जायला निघाले, आणि दारातच थांबून त्यांनी वर पाहिलं.

"हा दिवाणखाना आहे की ऑपरेशन थिएटर?"

दुसऱ्या दिवशी ते पिवळे बल्ब घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं, की घरातला दिवा बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर असावा. वरून उजेड पडला की माणूस आरोपी वाटतो. तीन कोपऱ्यांत तीन बुटके दिवे लागले. कपाटाच्या तळाशी पडलेल्या विटकरी रंगाच्या जाड चादरी होत्या, त्यांचे मी पडदे शिवले. डोंबिवलीहून आणलेली वेताची खुर्ची बाल्कनीच्या काचेजवळ आली, तिच्या पाठीवर ह्यांची तपकिरी शाल. उशांना गंजाच्या रंगाचे अभ्रे. पितळी घंगाळ घासून त्यात मनीप्लांट ठेवला. गालिचा मधोमध पसरला तेव्हा ते घर पहिल्यांदा जरा लहान झालं.

सप्रे रोज संध्याकाळी यायचे. येताना फोनवर तापमान बघून यायचे. "आज वीस डिग्री आहे, सुमतीबाई. मफलर बांधा, बर्फ पडेल." मी आलं आणि गवती चहा घालून चहा टाकायची. येऊरच्या डोंगरामागे सूर्य जाईपर्यंत आम्ही बोलत असू. इंदूरची थंडी, डोंबिवलीचं पाणी, कोणाचा गुडघा कसा आहे. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. वेताच्या खुर्चीवर ते कधीही बसले नाहीत. पहिल्या दिवशी शालीकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बाराव्या मजल्यावरून स्वतःचा मोढा, म्हणजे वेताचं बुटकं स्टूल, उचलून घेऊन आले. बोलले काहीच नाहीत. त्या मोढ्याने माझ्या मनात जी जागा केली, ती शंभर गोड शब्दांनी झाली नसती.

सलिलने व्हिडिओ कॉलवर घर पाहिलं. छान दिसतंय, कोणी केलं, असं विचारलं. मी म्हटलं, बल्ब बदलले. ते खरंच होतं. पण अडुसष्टाव्या वर्षी आरशासमोर दोनदा उभं राहायला लागले होते, ते त्याला काय सांगणार...

जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात घर पूर्ण झालं. सप्र्यांनी संध्याकाळी तिन्ही दिवे लावले आणि मोढ्यावर येऊन बसले. विटकरी पडद्यांवर उजेड मधासारखा पसरला होता. मी विचारलं, कसं वाटतंय? मला घराबद्दल ऐकायचं होतं आणि घराबद्दल ऐकायचं नव्हतंही. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग माझ्याकडे न बघता, कपातल्या चहाकडे बघत, हळूच म्हणाले,

"खरं सांगू? इथे मला ऊब नाही येत. तुमच्यासोबत तर... अजिबात नाही."

मी समोरची बशी उचलली. चहा थोडा राहिला होता तो त्यांनी संपवला, मला वाटलं अवघडून, आणि ते गेले. तीन आठवडे मी हे घर कशासाठी मांडत होते? आणि सरळ तोंडावर, इतक्या मऊ आवाजात सांगायचं, की ऊब नाही! तुमच्यासोबत तर अजिबात नाही!

दुसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा मी दार थोडंसंच उघडून सांगितलं, डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या मैत्रिणीकडे गेले. चौथ्या दिवशी बेल वाजली नाही. मोढा तिथेच होता. तो परत पाठवायचा म्हणून मी दोनदा दारापर्यंत नेला आणि दोनदा परत आणला. संध्याकाळी पिवळे दिवे लावेनाशी झाले. वरच्या पांढऱ्या उजेडात भाजी निवडायची. रविवार जवळ येत होता. मनाशी म्हणायची, जाऊ देत. आणि 'जाऊ देत' म्हटल्यावर ताट तसंच सारून उठायची.

गुरुवारी ऐश्वर्या आली. हातात माझाच डबा, तिळाच्या वड्यांचा, रिकामा झालेला. मुलगी दहा वर्षं ठाण्यात राहून इथलीच झाली आहे. गालिच्यावर बसत म्हणाली, काकू, बाबांचं काय करू तेच कळत नाही. सुरुवातीला आले तेव्हा रोज तेच, ऊब येते, ऊब येते. मग तुमच्याकडे यायला लागले आणि ते बंदच झालं. मला इतकं बरं वाटलं होतं. आता आठ दिवस परत तेच.

"म्हणतात, फार ऊब येते, म्हणून जातो."

माझा हात डब्यावरच राहिला. "ऊब येते म्हणून जातात?"

"हो ना."

"ऊब येते म्हणून कोण जातं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग कपाळाला हात लावून हसायला लागली. "अहो काकू, ऊब म्हणजे कंटाळा! हिंदीतला. आमच्याकडे इंदूरला मराठी बोलतानाही तसंच म्हणतात. मीच लग्न होऊन इथे आले, तेव्हा सासूबाईंनी अंगावर शाल घातली आणि विचारलं, ऊब आली का. मी म्हटलं, नाही हो, एवढ्यात कशी येईल."

पस्तीस वर्षं माणसांचे आवाज ओळखत आले, आणि एक शब्द ऐकू आला नाही. *तुमच्यासोबत तर अजिबात नाही.* ऐश्वर्या गेल्यावर मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात लावून पाहिलं. मग बाराव्या मजल्यावर फोन केला. म्हटलं, उद्या कल्याणला जायचंय, गोधडी शिवायला टाकायची आहे. सोबत याल का? पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग, "किती वाजता?"

शुक्रवारी सकाळी आम्ही टॅक्सीने निघालो. माझ्या पायाशी जुन्या साड्यांचं गाठोडं, त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी. कशेळीचा पूल आला. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. खाली खाडीवर पातळसं धुकं होतं. तिथे मी त्यांना सांगून टाकलं की आमच्याकडे ऊब म्हणजे काय. ते खाडीकडे बघत राहिले. मग इतके हसले, की टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं.

"म्हणजे आठ दिवस तुम्ही रागावला होता?"

"रागावले नव्हते."

"मग?"

"गार पडले होते."

ते हसायचे थांबले. "आणि मला वाटत होतं, तुम्हाला माझी ऊब आली."

"कुठली? इथली की इंदूरची?"

"इंदूरची," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, "इथली यायला हवी होती."

भिवंडीपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते. मग तेच बोलले. इंदूरला घर आहे, पण घरात कोणी नाही. इथे लेक आहे, पण लेकीच्या घरी किती दिवस राहायचं. रविवारी जायलाच हवं असं काही नाही. "पण कोणी थांबा म्हटल्याशिवाय माणसाने थांबू नये." यावर माझ्या बाजूने एकच शब्द हवा होता. दोन अक्षरांचा. नोकरीत दिवसभर अनोळखी माणसांना म्हणत असे, थांबा, जोडून देते. तो शब्द आता ओठांवर येईना. मुलगा काय म्हणेल, लोक काय म्हणतील, या वयात... दुर्गाडीचा पूल आला तरी येईना.

शालन कल्याणात एका खोलीत राहते आणि गोधड्या शिवते. माझी जुनी ओळख. सलिलच्या बारशाची दुपटीसुद्धा तिनेच शिवलेली. आम्ही पायातलं न काढता उंबऱ्याजवळच्या बाकावर टेकलो आणि तिने सतरंजीवर माझं गाठोडं सोडलं. सासूबाईंचं नऊवारी, माझ्या दोन सुती साड्या, ह्यांचं एक धोतर. एकेक कापड तिने बोटांनी चाचपलं आणि मान न उचलता विचारलं,

"एकेरी शिवू का दुहेरी?"

सप्रे दाराच्या चौकटीकडे बघत होते. मी शालनकडे पाहिलं, त्यांच्याकडे नाही.

"दुहेरी," मी म्हटलं.

शालनने पुन्हा कापडं मोजली. "दुहेरीला कमी पडंल, ताई. अजून एक लुगडं पायजे. नायतर एकेरीच करा."

मी काही म्हणायच्या आत सप्र्यांनी मांडीवरची पिशवी उघडली. मला वाटलं होतं तिच्यात शेव असेल. आतून निघाली मोरपंखी महेश्वरी साडी, काठाशी विरलेली, कितीदा तरी घडी घातलेली.

"हिची आहे," ते म्हणाले. "दर वर्षी ऊन दाखवतो आणि परत ठेवून देतो. तुम्ही काल गोधडी म्हणालात, तेव्हा वाटलं... विचारून पाहावं. हिला यात जागा होईल का?"

प्रश्न शालनला नव्हता. मी ती साडी हातात घेतली. वापरून वापरून ती कापसासारखी झाली होती. मी ह्यांचं धोतर जरा बाजूला सरकवलं आणि ती साडी त्याच्या शेजारी ठेवली.

"होईल," मी म्हटलं.

शालन दोन्ही कापडांवरून हात फिरवत म्हणाली की होळीपर्यंत गोधडी होईल, पण तवर थंडी सरल.

"पुढच्या वर्षी पडेल की," सप्रे म्हणाले.

"साहेब, हितं उभं ऱ्हावा," शालन टेप घेऊन उठली. "उंची घेते. पाय भायेर ऱ्हायला नकोत."

ते माझ्याकडे वळले. "माझं तिकीट रविवारचं आहे."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. आणि मग तो शब्द आला, शांतपणे, नेहमीच्या कामासारखा. "थांबा."

त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे ताठ. शालनने टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरली, आकडा पुटपुटली आणि मला हाक मारली. रुंदी दोघांची मिळून घ्यावी लागते म्हणाली. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. पाठीला भिंत गार लागत होती.

शालनने टेप ताणली, मान तिरकी करून पाहिलं आणि नापसंतीने च्च केलं.

"असं लांब उभं ऱ्हाऊन कसं चालंल, ताई? जवळ सरका. मधी फट ठेवली, की थंडी तितूनच शिरती."