समासातलं अक्षर

नऊ वर्षांपूर्वी दादाचं पत्र आलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र एका पानाचं होतं. आईला जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता आणि ती गेल्याचं मला त्या पत्रातूनच कळलं. त्याआधी महिनाभर ती अंथरुणाला खिळून होती, तेही त्यातूनच. ‘तुला मुद्दाम कळवलं नाही,’ दादानं लिहिलं होतं. ‘तुझा स्वभाव हळवा, तुला सोसलं नसतं. तू समजूतदार आहेस. समजून घे आणि उत्तर पाठव.’

मी समजून घेतलं. निदान स्वतःला तसं सांगितलं. रागावणं हा माझा प्रांत नाही. घरात आरडाओरडा दादा करायचा, मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचो.

अजूनही पुस्तकांतच बसतो. एका जुन्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर पुस्तकं दुरुस्त करतो. खोलीत खळीचा आंबूस वास असतो, एक लोखंडी दाबयंत्र आहे आणि खिडकीबाहेर लोक सायकली लावतात. नव्यानं बांधणी करण्याआधी वाचकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलेलं खोडावं लागतं. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची मतं खोडतो आहे. आपलं स्वतःचं मत असावं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

पुतणीचा फोन आला, त्या आठवड्यात ते सुरू झालं.

“काका, बाबांचं आता काही खरं नाही. रोज एकच विचारतात, त्याचं पत्र आलं का?”

“त्याला सांग, पाठवतो म्हणून.”

“हे तुम्ही मागच्या वर्षीही म्हणालात, काका.”

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या एका जाड पुस्तकात, नद्यांच्या प्रकरणाशेजारी, पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘का नाही सांगितलंस?’ मी सवयीनं खोडलं. खोडून झाल्यावर लक्षात आलं, अक्षर माझं होतं.

मग मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकात : ‘ती दाराकडे बघत असणार.’ मग एका कोशात नुसतं ‘चोर.’ पेन्सिल इतकी दाबलेली की खोडल्यावरही खालच्या तीन पानांवर वळ राहिले.

पुस्तकं आणून देणारी काउंटरवरची बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

“बाइंडरकाका, तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच खोडायचं? बरं आहे, काम संपायची भीती नाही.”

“मी नाही लिहिलं.”

तिनं पान उजेडात धरलं. “दारावरच्या ‘खळ ओली आहे’ या पाटीवर हेच अक्षर आहे.” ती हसली, मग हसायची थांबली. “कुणावर चिडलाय एवढं?”

“कुणावर नाही.”

“मग एवढं दाबून कोण लिहितं?”

मी तिला नोंदी बघायला लावल्या. पुस्तकं वेगवेगळ्या वाचकांकडून आली होती, कोश तर इमारतीबाहेर कधी गेलाच नव्हता. वयामुळे माझंच डोकं फिरलं असेल, असं मला वाटलं. खोलीतल्या सगळ्या पेन्सिली मी तिच्याकडे दिल्या. तीन दिवस त्या तिच्या खणात होत्या. त्या तीन दिवसांत मी आणखी अकरा पानं खोडली.

चौथ्या दिवशी देणगीत आलेलं एक पुस्तक हाती पडलं. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालून पुस्तक शिवतात आणि मग कडा कापतात. याच्या कडा कापायच्या राहून गेल्या होत्या. पानं एकमेकांना जोडलेली होती. छापल्यापासून आतली बाजू कुणी पाहिलेली असणं शक्य नव्हतं.

बोथट सुरीनं मी पहिली घडी उघडली.

‘नऊ वर्षं खोडतोयस मला.’

मी खोडायला लागलो. रबर तापलं. “निर्लज्जा,” मी पुटपुटलो, “आईच्या नावानं तमाशा करतोस?” पान टर्रकन फाटलं. चाळीस वर्षांत माझ्या हातून पान फाटलं नव्हतं.

दुसरी घडी उघडली.

‘तो वाट बघतोय, याची तुला मजा येत होती.’

रबर हातातच राहिलं.

ते खरं होतं. दादा विचारत राहायचा आणि मी घरी एकटा बसून ते चघळायचो. समजूतदार माणूस! आईला माझी वाट बघायला लावलीस ना? आता तू बघ.

राग पायांतून वर आला. पळायला जागा नव्हती. आणि मला त्याची कीव आली, त्या घड्यांत कोंडून पडलेल्याची. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा मी पानावर हात ठेवला.

पान गरम होतं.

“लिही,” मी म्हणालो. “तू मीच आहेस. आता नाही खोडणार.”

पुढच्या घड्या मी उघडल्या नाहीत. तिथेच बसून दोन कागदांवर शाईनं दादाला लिहिलं.

‘दादा, माझा राग गेलेला नाही. आईचा शेवटचा महिना माझाही होता, तो तू स्वतःकडे ठेवलास. मला सोसलं असतं की नाही, हे ठरवणारा तू कोण? आणि मी गप्प राहिलो तो सूड म्हणून. तुला मुद्दाम ताटकळत ठेवलं आणि मला ते आवडलं. मी समजूतदार नाही, असा आहे. असाच तुला भेटायला येऊ का?’

पाकीट चिकटवून मी तडक पोस्टात गेलो. कारकुनानं ते काट्यावर ठेवलं आणि भुवया उंचावल्या.

“आजोबा, आत काय पुस्तक भरलंय का?”

“दोन कागद आहेत.”

“दोन?” त्यानं पाकीट माझ्याकडे सरकवलं. “जास्तीची तिकिटं लावा.”

झाकण मी चिकटवलं तसंच होतं. बाइंडरच्या बोटांना कागद मोजायला पाकीट उघडावं लागत नाही. आत चौदा होते.

तिकिटं लावून झाल्यावर पुन्हा दाबून पाहिलं. सोळा.

“पाठवायचं ना?”

“पाठवा.”

त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

“चार दिवस लागतील पोचायला,” तो म्हणाला.