एका वेळी एकच

सगळे त्याला तारवाला म्हणत. हल्ली टीव्ही-इंटरनेटची निम्मी कामं बिनतारेची असली तरी नाव काही सुटलं नव्हतं. त्या दिवशी सहाच्या सुमाराला तो काकूंच्या घरात शिरला तेव्हा त्याचा हिशोब दहा मिनिटांचा होता. कुठेतरी एखादा प्लग निघाला असणार, दुसरं काय.

काकूंच्या मुलाने घरच्या जुन्या, स्वतःच्या लहानपणीच्या व्हिडिओ कॅसेटी एका कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या. टीव्हीवर त्यांची यादी यायची, बटण दाबलं की हवी ती फीत लागायची. तो होता तोवर काकूंना बघायला फुरसत झाली नाही. आठ महिन्यांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. आणि आता बटण दाबलं की पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं.

"एकदा त्याला चालताना बघायचंय हो," काकू म्हणाल्या. "बाकी काही नको." काका सोफ्यावर बसून होते.

तारवाल्याने जिन्याखालचं कपाट उघडलं. चपलांच्या वरच्या फळीवर तो कॉम्प्युटर घरघरत होता, हाताला चटका बसेल इतका तापलेला. गरम धुळीचा वास येत होता. कोणी काही बघत नसताना हा एवढा राबतोय कशाला? त्याने लॅपटॉप जोडला आणि कारण लगेच सापडलं. यंत्र म्हातारं, एका वेळी त्याला एकच फीत झेपायची. ती आधीच कोणीतरी लावून बसलं होतं.

"काकू, घरात आणखी काही जोडलंय का? 'माळा' नावाचं?"

"त्याचा टॅब. माळ्यावर झोपायचा ना तो."

"कुठे आहे?"

काका पहिल्यांदाच बोलले. "त्या दिवशी पाठीवरच्या पिशवीत होता. तुकडे आणून दिले आम्हाला."

तारवाल्याने लॅपटॉपवरचं ते नाव पुन्हा वाचलं. पण पंचवीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, भुतांपेक्षा दुसऱ्याचं वायफाय वापरणारे फुकटे शेजारीच त्याने जास्त पाहिले होते. कोणीतरी ते नाव उचललं असणार, असं त्याने स्वतःला बजावलं. तरी नजर पडद्यावरून हलेना. 'माळा'वर एकच फीत चालू होती. अकराव्या मिनिटापर्यंत जायची, दहा सेकंद मागे यायची, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. त्याने ती लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि नेमकी तीच जागा लावली. संध्याकाळचं अंगण, दारात उभ्या तरुण काकू, आणि त्यांचा आवाज. "ये ना रे राजा घरात. किती वेळ बाहेर बसशील?"

काकू लॅपटॉपजवळ खाली बसल्या.

त्याने 'माळा'ला आत यायची बंदी घातली. टीव्हीवरचं चाक थांबलं. दीड वर्षाचं पोर दुडूदुडू धावत आलं आणि काकूंनी दोन्ही हात तोंडावर धरले. पाच मिनिटं घरात फक्त त्याचे बोबडे बोल होते.

मग त्यांचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं. "या तांबड्या ओळी कसल्या?"

"काही नाही, काकू..."

"सांगा."

"ते 'माळा'... आत येऊ का, म्हणून विचारतंय. आपण नाही म्हणतोय."

"किती वेळा विचारलं?"

"एकतीस..." खाली आणखी एक ओळ उमटली. "बत्तीस."

काकू उठल्या. पडद्यावर पोर अजून धावत होतं, त्यांनी त्याच्याकडे पाठ केली. "काढा ती बंदी. मला नाही बघायचं. त्याला बघू दे."

"अहो, पण..."

"काढा म्हणते ना!"

त्याने बंदी काढली. पुन्हा चाक फिरू लागलं. बाहेरचा उजेड गेला होता आणि दिवा लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. आईने बघायचं तर मुलाने थांबायचं, मुलाने बघायचं तर आईने... तारवाल्याला फार वाईट वाटलं. न राहवून तो बोलून गेला, "फीत एकच चालते, काकू. पण एका टीव्हीपुढे कितीही जण बसू शकतात."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. "ये ना रे राजा," त्या हळूच म्हणाल्या. "किती वेळ बाहेर..."

'माळा'वरची फीत थांबली. टीव्हीवरची फीत आपोआप सुरू झाली.

एखादं यंत्र किती जवळ आहे ते लॅपटॉपवर त्याच्या नावापुढच्या काड्यांवरून कळतं. 'माळा'पुढे इतका वेळ एकच काडी होती. आता दुसरी उजळली. जिन्यावर काहीच वाजलं नाही. तारवाला काड्या मोजत राहिला. तिसरी... मग सगळ्याच.

काकू सोफ्याच्या एका कडेला टेकल्या. "अहो, सरका जरा," त्या काकांना म्हणाल्या, अगदी रोजच्यासारख्या.

काका काही न विचारता सरकले. काकू मधल्या रिकाम्या जागेकडे क्षणभर बघत राहिल्या.

"अजून थोडं," त्या म्हणाल्या.