मुखवट्याखालचं जर्नल

"ताई, पिशवी नाहीये."

स्नेहल दारात उभी होती. अंगावर निळं चिलखत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चेहरा पांढराफटक.

वेदिकाने चहाचा कागदी कप खाली ठेवला. "कुठली पिशवी?" तिने विचारलं खरं, पण उत्तर तिला ठाऊक होतं. त्यांच्याजवळ पिशवी एकच होती.

त्या निळ्या पिशवीत कॉमिक्समधल्या नीलकवचाचा मुखवटा होता, आणि मुखवट्याखाली तळाशी, त्याला आधार म्हणून, वेदिकाचं जर्नल. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, सबमिशनचा आठवडा. तेरा प्रयोग, तेराही पानांवर सरांच्या सह्या. सोमवारी दहा वाजता जर्नल टेबलावर नसेल तर ओरलला बसू देणार नव्हते. म्हणजे वर्ष गेलं. शहाण्या मुलीने अशा शनिवारी घरी बसायचं असतं. पण स्नेहलला वचन दिलं होतं, म्हणून मेळ्यात बसल्या बसल्या अनुक्रमणिका भरू, असा तिने हिशेब केला होता. अशा हिशेबांचं जे होतं तेच झालं.

मेळा गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात भरला होता. जिथे एरवी वऱ्हाडी जेवतात तिथे आज कॉमिक्सचे स्टॉल होते, आणि 'वधूपक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत मुली राक्षसिणी आणि वीरांगना होत होत्या. वेशभूषेची स्पर्धा तीन वाजता. घड्याळात बारा चाळीस.

"शेवटची कुठे पाहिलीस?"

"खोलीबाहेरच्या बाकावर. आत पाय ठेवायला जागा नव्हती."

"आणि बाकापासून हललीस किती वेळ?"

"चिलखताचे पट्टे बांधून होईपर्यंत. पंधरा-वीस मिनिटं." स्नेहलने चिलखताचा एक पट्टा ओढला. "दादाने महिनाभर खपून बनवलाय गं तो."

ते खरं होतं. हर्षलदादा सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. शिफ्ट सुटली की घरी येऊन फोम कापायचा, तापवायचा, रंगवायचा. लहानपणी दोघी बहिणींना नीलकवचाचे अंक मोठ्याने वाचून दाखवणाराही तोच. बारावीनंतर त्याने शिक्षण सोडलं, आणि घरात फी भरायची ती वेदिकाची असं ठरून गेलं. परवाच त्याने भावंडांच्या ग्रुपवर विचारलं होतं, "मी पण घालू का थोडा वेळ?" वेदिकाने खिदळणारी तोंडं टाकून उत्तर दिलं होतं, "तू नुसता बनव. घालायचं वय गेलं तुझं, घोड्या."

आज तो पहाटे सहालाच कामावर गेला होता. त्याच्यामागे आईने रिवाजाप्रमाणे नव्या वस्तूला हळदकुंकू लावलं. बाहेरून लावलं तर रंग बिघडेल, म्हणून आतल्या बाजूने. कपाळाच्या मध्यावर स्पंज चिकटवलेला, म्हणून जरा डावीकडे. तेलात कालवून ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि मग पिशवी हातात दिली.

बाकाजवळ कमळाबाई पोछा पिळत होत्या. कार्यालयाच्या साफसफाईचं काम त्यांच्याकडे होतं.

"मावशी, इथून कोणी पिशवी नेली?"

"नेली ना. उंच होता, पाठमोरा दिसला."

"घाबरलेला होता? इकडेतिकडे बघत होता?"

"काय नाय. आपलीच असल्यावानी उचलली अन् गेला स्टेजमागं." कमळाबाईंचा राग मात्र वेगळाच होता. "आत्ता फरशी पुसली अन् त्यानं हे उठवलं बघ. स्टेजमागं त्या मंडपवाल्यांनी खुर्च्या टेम्पोत भरताना घाण केली, ती निराळीच."

फरशीवर काळपट ठसे होते, जाड, खोल नक्षीचे.

वेदिकाने ते पाहिले, पण डोक्यात दुसरंच नाव घुमत होतं. सकाळपासून रोहित नावाचा एक मुलगा मुखवट्याभोवती घोटाळत होता. तोही नीलकवचच होऊन आला होता. पुठ्ठ्याचा मुखवटा, आणि चेहऱ्याला जाड पांढरा रंग. त्याने स्नेहलच्या मुखवट्याचे तीनदा फोटो काढले होते. आणि तोही उंच होता.

तो वडापावच्या स्टॉलपाशी सापडला.

"बॅग उघड."

"का?"

"उघड म्हणते ना!"

तो उघडेपर्यंतही तिला धीर निघाला नाही. तिने बॅग ओढून फरशीवर उपडी केली. रंगाच्या डब्या, कंगवा, थालीपिठांचा डबा, आणि दुमडून लपवलेला पुठ्ठ्याचा मुखवटा, एका बाजूने फाटलेला. पिशवी नाही. जर्नल नाही. भोवती गर्दी जमली, मोबाइल वर झाले. रोहितने एकही वस्तू उचलली नाही. स्लिपर फरफटत तो भिंतीशी गेला आणि गुडघ्यांत डोकं घालून बसला.

वेदिकाला शरम वाटली. पण जर्नल मिळालं नव्हतं, आणि भीती शरमेपेक्षा मोठी होती.

एक वाजता हर्षल आला. कंपनीचा शर्ट, कंपनीचे बूट, केस घामाने चिकटलेले, डाव्या भुवईवर लालसर गंध. नाशकात माणूस कुठल्या ना कुठल्या देवापुढून जातोच. गंधाकडे कोण बघतं?

"हाफ डे टाकला, थेट आलो. काय झालं?"

"दादा, पिशवी गेली. मुखवटा गेला," स्नेहल रडायलाच लागली.

"अगं, रडू नकोस. मुखवटा कुठे जातोय? मिळेल." तो अगदी शांत होता.

"मुखवट्याचं सोड," वेदिका म्हणाली. "खाली माझं जर्नल होतं."

हर्षलच्या तोंडचं पाणी पळालं. "जर्नल? त्यात जर्नल होतं?"

"सोमवारी सबमिशन आहे."

तो तसाच स्टेजकडे धावला. पाच मिनिटांत परत आला. हातात मुखवटा. "पडद्यामागे होता. पिशवी नाही गं. सगळीकडे पाहिलं."

स्नेहलने मुखवटा छातीशी धरला. वेदिकाने तो तिच्या हातातून घेतला आणि उलटा केला. आतलं स्वस्तिक फिसकटलं होतं. एवढंच. पांढरा ठिपकासुद्धा कुठे नव्हता.

ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग तिने हर्षलच्या कपाळाकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे. तिला एकदम थकल्यासारखं वाटलं.

"स्नेहल, त्या रोहितला 'वरपक्षा'च्या खोलीत बोलाव. दादा, तूही चल."

खोलीत चौघेच होते. वेदिकाने दार लोटलं.

"आधी रोहितबद्दल. ज्याने मुखवटा पळवला त्याने तो घातला, कारण आतलं कुंकू फिसकटलंय. रोहितच्या चेहऱ्यावर सकाळपासून पांढरा रंग आहे. त्याने घातला असता तर आत पांढरं लागलं असतं. शिवाय पायात स्लिपर. फरशीवरचे ठसे जाड तळव्याच्या बुटांचे आहेत. मी चुकले."

मग ती हर्षलकडे वळली.

"दादा, तू किती वाजता आलास?"

"सांगितलं ना. एक."

"आणि कपाळाला काय लागलंय?"

"गंध. कंपनीत मशीनची पूजा असते."

"मशीनची पूजा करणारा माणूस गंध कपाळाच्या मध्यावर लावतो. तुझं डाव्या भुवईवर आहे, आणि कडेने हळद दिसतेय. आईने मुखवट्यात स्वस्तिक काढलं ते तू गेल्यानंतर. ते तुझ्या कपाळावर कसं आलं?"

हर्षलचा हात नकळत वर गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"पिशवी नेणारा घाबरला नव्हता, कारण ती त्याच्या घरचीच होती. मुखवटा गेला म्हटल्यावर तू शांत, जर्नल म्हटल्यावर पांढरा. ते आत आहे हे तुला माहीत नव्हतं. आणि अख्ख्या कार्यालयात मुखवटा सापडला तो तुलाच, पाच मिनिटांत. का, दादा?"

बाहेर माइकवर कुणीतरी 'हॅलो, चेक' म्हणत होतं.

"एकदा घालायचा होता," हर्षल म्हणाला.

"मग घरी घालायचास!" स्नेहल उसळली.

"घरी आरशात? लोकांत घालायचा होता गं. पंधरा मिनिटं फिरलो. एका छोट्या मुलीने हात मिळवला. लोकांनी फोटो काढले. कोणी विचारलं नाही हा कोण, किती शिकलाय." त्याने तोंड फिरवलं. "पिशवी स्टेजमागे खुर्च्यांच्या थप्पीवर ठेवली होती. परत आलो तर खुर्च्याच नाहीत. म्हटलं, जुनी पिशवी गेली तर गेली, मुखवटा पडद्यामागे सापडल्यासारखं करू. मग तू जर्नल म्हणालीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभच उचलेना."

वेदिकाला तो ग्रुपवरचा मेसेज आठवला, खिदळणाऱ्या तोंडांसकट. विचारून मागत होता तेव्हा आपण काय उत्तर दिलं, हे तिला अक्षरन् अक्षर आठवलं आणि डोळे भरून आले. रडायला मात्र वेळ नव्हता. खुर्च्या टेम्पोत गेल्या, कमळाबाई म्हणाल्या होत्या. तिने कोपऱ्यातली एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून उलटी फिरवली. पाठीवर, सगळ्याच मंडपवाल्यांच्या खुर्च्यांवर असतं तसं, रंगाने नाव आणि मोबाइल नंबर लिहिला होता.

तिसऱ्या रिंगला मंडपवाल्याने उचललं आणि टेम्पोच्या चालकाचा, लहानूचा, नंबर दिला.

"निळी पिशवी? हाय ना ताई, खुर्च्यांत अडकलीय. मी सायखेड्यात हाय, लग्नाचा मांडव हाय इथं. त्यात वही बी हाय जाडजूड."

"हात लावू नका हो तिला. मी निघालेच."

तिने फोन ठेवला तेव्हा हर्षल भिंतीला टेकून चक्क रडत होता. वेदिकाने गाडीची चावी त्याच्याकडे मागितली.

"मी जाते. तू थांब इथे. माझंच चुकलं, दादा. त्या मेसेजचं."

स्नेहलने नाक पुसलं. तिचा राग अजून गेला नव्हता. "मला स्टेजवर तीन मिनिटं लागतो मुखवटा," ती म्हणाली. "त्याआधी आणि नंतर तूच घाल. पण पुन्हा मला न विचारता हात लावलास ना, तर बघच!"

तिने मुखवटा त्याच्या हातात कोंबला.

वेदिका दाराकडे वळली. तिथे रोहित उभा होता, वाट अडवून.

"सॉरी, रोहित. खरंच."

"इथे चौघांत नको, ताई." त्याचा आवाज बारीक होता, पण तो हलला नाही. "माझी बॅग तुम्ही सगळ्यांसमोर उपडी केलीत. सगळ्यांसमोर भरून द्या."

सायखेडा तीसेक किलोमीटर. लहानू किती वेळ थांबेल कोण जाणे. वेदिकाने चावी मुठीत धरली आणि मान हलवली.

स्टॉलपाशी वस्तू तशाच पडल्या होत्या. ती फरशीवर बसली. आधी रंगाच्या डब्या, मग कंगवा, मग थालीपिठांचा डबा. लोक पुन्हा जमले, पुन्हा मोबाइल वर झाले. मघाशी ओरडली तितक्याच मोठ्याने ती म्हणाली, "ह्याने काही चोरलं नव्हतं. चूक माझी होती."

शेजारी जड बूट येऊन थांबले. हर्षल तिच्याजवळ खाली बसला. मुखवटा त्याने स्टॉलवरच ठेवला होता, आणि भुवईवरचं कुंकू अजून पुसलं नव्हतं.

"आणि चोर मी होतो," तो जमलेल्या लोकांना म्हणाला, आणि त्याने फाटका पुठ्ठ्याचा मुखवटा अलगद उचलून रोहितच्या बॅगेत ठेवला.