शेवटच्या खोलीतली टकटक

"न सांगता गेलीच कशी? मला भेटल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणाली होती!" चिमणीने पाय आपटले.

"मोठी माणसं असंच बोलतात गं," शंकासुर म्हणाला. याला हे नाव शाळेत पडलं होतं आणि त्याने ते रोज नव्याने कमावलं होतं. सूर्य उगवला म्हटलं तरी हा विचारणार, "कशावरून?"

चिमणी त्याची धाकटी बहीण आणि ताई दोघांची मामेबहीण. सुट्टीत मामा-मामींनी तिघांना शहर बघायला आणलं होतं. मुक्काम हायवेला चिकटलेल्या एका स्वस्तातल्या हॉटेलात. बाहेरून ट्रक गेला की मजल्यावरची सगळी दारं एकदम खडखडायची! आज आधी मत्स्यालय, मग तारांगण असा बेत होता. पण मामांच्या गाडीचं चाक बसलं आणि बेतही बसला. "आम्ही गॅरेजमधून येईपर्यंत मजला सोडायचा नाही!" असं बजावून मामा-मामी गेले होते.

चिमणी रुसली होती ती शेजारच्या, म्हणजे अगदी शेवटच्या खोलीतल्या आजींवर. आपल्या मुला-नातवंडांबरोबर दोन गाड्या करून त्या सहलीला आल्या होत्या. काल संध्याकाळभर त्यांनी या तिघांना पत्त्यांत धू धू धुतलं होतं. झोपताना त्यांनी भिंतीवर दोनदा टकटक करायची आणि चिमणीने एकदा, असं दोघींचं ठरलं होतं. आणि आज सकाळी बघतात तर दोन्ही गाड्या गायब!

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला.

"ऊऊऽऽ... फोऽऽ..."

आवाज वरच्या झरोक्यातून येत होता. पोकळ आणि दमलेला. बाई की बुवा, काही कळेना. मग पाइपावर टक्... टक्... आणि पुन्हा शांतता.

"क-कशावरून भूत असेल?" शंकासुर म्हणाला, पण त्याचा हात ताईच्या बाहीत होता.

ताईने दार उघडून बाहेर डोकावलं. भर दुपार, पण खोल्यांबाहेरच्या बोळात अंधार. पाहुणे शहर बघायला गेले की इथे दिवे मालवून टाकत. कुठल्या तरी बंद खोलीत फोन वाजत होता, तो वाजून वाजून थांबला. तिघं बोळात आली. जाड गालिच्यावर स्वतःच्या पावलांचाही आवाज येत नव्हता. आपल्यामागून कुणी आलं तरी कळणार नाही, हे मनात आलं आणि ताईने मागे वळून पाहिलं.

"पुढं जाऊ नका!"

तिघं किंचाळलीच! पण ते होते चादरी बदलणारे काका. आपली ढकलगाडी घेऊन भिंतीला चिकटून उभे होते. "ती शेवटची खोली वाईट आहे पोरांनो. सकाळपासून कण्हतंय आतमध्ये. मी नाही जायचो तिकडं!" एवढं बोलून ते ढकलगाडी तिथेच टाकून पळाले.

"भुताची गोष्ट त्यांनी कालही सांगितली होती," शंकासुर हळूच म्हणाला. "पण काल मिशीतल्या मिशीत हसत होते. आज बघ, दरदरून घाम फुटलाय. काल खोटं होतं आणि आज खरं, असं कसं?"

चिमणीचं लक्षच नव्हतं. ती खोलीत पळाली आणि बाथरूमच्या पाइपावर तिने कंगव्याने ठोकलं. एकदाच.

काहीच नाही. बाहेरून ट्रक गेला, दारं खडखडली, थांबली.

आणि मग, अगदी हळू, टक्. टक्.

"आजी आहे!" चिमणी ओरडली. "ताई, आजी आत आहे! तिला काहीतरी झालंय!"

ताई आणि शंकासुर धावत खाली गेले. मॅनेजर मोबाईलवर क्रिकेट बघत होता. "ती मंडळी सकाळीच गेली. खोली रिकामी आहे. सगळ्या चाव्या आल्या."

"मग ती शेवटची खुंटी रिकामी का?" शंकासुराने मागच्या चाव्यांच्या फळीकडे बोट दाखवलं.

"असेल चावी चादरवाल्याकडे. जा, खेळा जा!"

विनवण्या करून काही होणार नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी! ताईला काल ऐकलेलं आठवलं. चॉकलेट सांडलं म्हणून हाच माणूस त्या गालिच्यासाठी केवढा कळवळला होता!

"बरं काका, जातो," ती शांतपणे म्हणाली. "त्या खोलीच्या दाराखालून पाणी येतंय, तेवढं फक्त सांगायचं होतं. गालिचा पार भिजला."

"काय! माझा नवा गालिचा!" मॅनेजर सगळ्या खोल्यांना चालणारी चावी घेऊन असा सुटला, की जिन्यात त्याची एक चप्पल मागेच राहिली.

दार उघडलं. बाथरूमच्या फरशीवर आजी पडल्या होत्या. पाय मुरगळून सुजलेला, ओठ सुकलेले. हातात कवळीची डबी होती, तीच त्या पाइपावर आपटत होत्या. कवळी बेसिनवर राहिलेली, म्हणून तोंडून नुसतं "फोऽऽ" निघत होतं. चिमणी त्यांच्या गळ्यातच पडली आणि हमसून हमसून रडली. मॅनेजर गालिच्याचं विसरला आणि डॉक्टरांना फोन लावायला धावला.

संध्याकाळपर्यंत सगळा उलगडा झाला. आजींची बॅग पहिल्या गाडीत गेली होती. त्या गाडीला वाटलं, आजी दुसऱ्या गाडीत. दुसरीला वाटलं, बॅग पुढे गेली म्हणजे आजीही पुढेच! जेवायला थांबल्यावर सगळ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली म्हणे. आजींचा मुलगा परत येऊन त्यांच्या पायाशी बसला होता. त्याला मान वर करवत नव्हती.

आणि चादरवाले काका? "भूत मीच सोडलं होतं," ते रडवेले होऊन म्हणाले. "ती खोली कुणी मागू नये, मला दुपारी तिथं झोप काढता यावी म्हणून. गर्दी झाली नि आजींना तीच खोली मिळाली. सकाळी आवाज आला तेव्हा वाटलं, माझंच भूत खरं झालं!"

"पोरांनो, तुम्ही नसता तर!" डॉक्टर म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं." मामांनी तिघांची पाठ थोपटली आणि मजला सोडल्याबद्दल ताईचा कान अगदी हळूच धरला.

आजी पलंगावर पाय उंच करून पडल्या होत्या. आता कवळी जागेवर होती.

"ओरडून ओरडून घसा बसला गं," त्या चिमणीला म्हणाल्या. "येणारा जाणारा ऐकून पळत होता. मग पाइपावर तुझी एक टक् आली, तेव्हा म्हटलं, आता मरत नाही मी."

"मला वाटलं तू न सांगताच गेलीस," चिमणी पुटपुटली.

आजींनी पलंगाच्या लाकडावर बोटाने दोनदा टकटक केलं.

चिमणीने डोळे पुसले आणि एकदा केलं.