रोज चार वाजून पन्नास मिनिटांनी

ज्या लॅपटॉपमुळे हे सगळं घडलं तो इतका म्हातारा होता, की सुरू होताना कण्हायचा. खोटं वाटत असेल तर शेजारच्या शिंप्याला विचारा. एकदा ते कण्हणं ऐकून तो बिचारा पाण्याचा पेला घेऊन धावत आला होता. असला तो लॅपटॉप काखोटीला मारून घड्याळवाली एका रविवारी वाचनालयात गेली. तिथे खिडकीपाशी एक तरुण शाळामास्तर टेबल मांडून बसायचा आणि कुणीही आणलेल्या जुन्या यंत्रावर फुकटात लिनक्स नावाची प्रणाली घालून द्यायचा.

घड्याळवाली म्हणजे आत्याच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारी मुलगी. डोळ्यावर भिंग लावायची तिला इतकी सवय, की ते काढायचं विसरून ती तशीच आली होती. मास्तरने मान वर केली तर समोर एक डोळा साधा आणि दुसरा बशीएवढा. त्या बशीत तो जो पडला, तो पडलाच.

तासाभरात लिनक्स बसलं. याच्या पोटात काय चाललंय ते कुणीही उघडून बघू शकतं, असं मास्तरने सांगितलं, तेव्हा ती खूश झाली. म्हणाली, मग हे घड्याळासारखंच की. पडदा उजळला, गाणं वाजलं, पण वायफाय... त्याचं कार्ड काही डोळे उघडेना. मास्तरने समजावलं, की कार्ड धडधाकट आहे. त्याला जागं करायला फक्त एक छोटी फाइल लागते, फर्मवेअर म्हणतात तिला. ती नेटवरून उतरवून घ्यायची.

"आणि नेट कशावर येणार?"

"वायफायवर."

"आणि वायफाय कशाने चालणार?"

"त्या... फाइलने."

ती हसली. "म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही."

म्हण तोंडातून निसटली, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की ती कशाबद्दल आहे. मास्तर घाईघाईने कीबोर्ड पुसू लागला. फाइल घरी उतरवतो, उद्या पाचला पेनड्राइव्हवर दुकानात आणून देतो, असं तो त्या कीबोर्डलाच म्हणाला.

दुकानात दुरुस्तीला आलेली बेचाळीस घड्याळं, आणि प्रत्येकाचं मत वेगळं. तिथे पाच वाजायला पावणेपाचला सुरुवात व्हायची आणि ते वाजून संपायचे सव्वापाचला. सोमवारी त्या गजरात मास्तर आला. पेनड्राइव्ह तिनेच लावला, फायलींची यादी नेहमीच्या बारकाईने वाचली, आणि का कोण जाणे, तिच्या गालाला खळी पडली. फाइल जागेवर गेली, लॅपटॉप कण्हून उठला, वायफाय सुरू. झालं. मास्तरने चहाचा एक कप पाऊण तास पुरवला, पण कप शेवटी कपच... संपला.

मंगळवारी वायफाय बंद. तिने निरोप धाडला, मास्तर पाचला हजर.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. त्या लॅपटॉपच्या कडेला नखाएवढं एक बटण होतं. ते सरकवलं की वायफाय झोपायचं. जी बोटं केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्यात धरतात, त्यांना ते बटण कितीसं जड? मास्तरने सगळं तपासलं, ते बटण सोडून. शहाणी माणसं अशीच शोधतात. चहाआधी तो हात धुवायला मोरीत गेला, की बटण परत जाग्यावर. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. चहा झाल्याशिवाय हे कार्ड चालत नाही, असा मास्तरचा सिद्धांतच होऊन बसला. मधल्या वेळात तिने त्याला चिमटा धरायला शिकवलं. श्वास रोखून धरायचा, म्हणाली. त्याने तो गरजेपेक्षा बराच जास्त वेळ रोखला...

शुक्रवारी आत्याने कमरेवर हात ठेवले. शनिवारी पाचपर्यंत हे रडगाणं थांबलं नाही, तर हा डबा भंगारात जाईल आणि नवा येईल. नव्याला मास्तर लागत नाही, हेही तिने ऐकवलं.

घड्याळवालीने हिशेब मांडला. वायफाय चाललं तरी मास्तर यायचा थांबणार, नाही चाललं तरी थांबणार. इकडे आड, तिकडे विहीर. शनिवारी तिने सवयीने बटण सरकवलं, आणि मुदतीच्या धाकाने मास्तर त्या दिवशी पाचच्या आधीच हजर झाला.

लिनक्सची एक खोड आहे, ते बारीकसारीक सगळं लिहून ठेवतं. ती चहा आणायला गेली, तेव्हा मास्तरने पहिल्यांदाच ती नोंद उघडली. मंगळवार, चार पन्नास, वायफाय बटणाने बंद. बुधवार, चार पन्नास. गुरुवार, शुक्रवार, आजही... मास्तर बघतच राहिला.

आत्या समोर उभी. "मग? काय निघालं दुखणं?"

मास्तरने पडदा स्वतःकडे ओढून घेतला. घड्याळवाली कप घेऊन आली, तेव्हा त्याने पडदा फक्त तिच्याकडे वळवला.

"हे... चार पन्नासला काय होतं रोज?"

तिचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही. "आणि ती फाइल? पेनड्राइव्हवर तिची तारीख आपण भेटलो त्याच्या तीन आठवडे आधीची होती. रविवारी खिशातच होती ना?"

बेचाळीस घड्याळांनी टिकटिक थांबवली.

"होती," मास्तर म्हणाला. "तेव्हाच दिली असती, तर सोमवारी कुठल्या तोंडाने आलो असतो?"

"आणि मी बटण सरकवलं नसतं, तर मंगळवारी?"

आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि घड्याळवालीच्या हातातला कप घेऊन स्वतःच घोट घेतला. "मला आठवडाभर दिसतंय ते बटण," ती म्हणाली. "मुदत मी डब्याला नव्हती दिली."

घड्याळवालीने सगळ्यांदेखत बटण सरकवलं. वायफाय लागलं. आता बिघडलेलं काहीच उरलं नव्हतं.

"काही काम नाहीये," मास्तर अडखळत म्हणाला, "तरी सोमवारी... पाचला आलो तर?"

"पाचला नको," ती म्हणाली. "चार पन्नासला ये."

त्या क्षणी दुकानातल्या बेचाळीसच्या बेचाळीस घड्याळांनी एकदम पाचचे ठोके दिले. खोटं वाटत असेल तर शिंप्याला विचारा, पेला घेऊन तो दारातच उभा होता.