चौदावं कार्ड

गणितज्ञ अनुसूयाबाईंनी साठ वर्षांपूर्वी लिहिलेला संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या तीनशे कार्डांचा गठ्ठा. उद्या तो प्रदर्शनात जायचा आणि आज चौदावं कार्ड गायब! क्रमांक पेन्सिलीने घातलेले, म्हणून लगेच कळलं.

प्रदर्शनवाल्या अभिराजांनी सरळ गंगव्वावर बोट ठेवलं. वीस वर्षं घर सांभाळणारी ती बाई मुकाट्याने बोचकं बांधायला लागली. अनुसूयाबाईंनी घाईने गुप्तहेर मनस्विनीला बोलावलं. सोबत तिचा मदतनीस तनय आला, पुण्याचा, आयटीतला; निष्कर्षाची त्याला भारी घाई.

काल खोलीत तिघंच गेले होते. गंगव्वाने केर काढला. अभिराजांनी फोटो घेतले. आणि चिकपेट भागात राहणारे शेषगिरी, पूर्वी बाईंची कार्डं पाडणारे ऑपरेटर, गठ्ठा मांडीवर घेऊन बराच वेळ एकटे बसले होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी पार गेलेली. गंगव्वानेच त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं होतं. तनयने त्यांना तिथल्या तिथे यादीतून काढून टाकलं.

त्या कार्डावाचून काय अडेल, असं मनस्विनीने विचारलं.

"काही नाही," अनुसूयाबाई म्हणाल्या. "यंत्र ते सोडूनच द्यायचं. माणसांनी वाचायची नोंद होती. एकाचे आभार. मी स्वतः पाडून मागाहून आत सरकवलं. तोंडाने बोलायला कधी धीर झाला नाही."

कार्डावर अक्षर छापलेलं नव्हतं, नुसती भोकं. मनस्विनीने दुपारी शेषगिरींना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर उलगडा केला.

"तीनशेतून नेमकं आभाराचंच कार्ड गेलं. म्हणजे नेणाऱ्याला ते वाचता आलं. गंगव्वाला आणि अभिराजांना सगळी भोकं सारखीच. वाचणारा एकच, ज्याने जन्मभर ती पाडली. आणि भोकं वाचायला बोटं पुरतात."

तनयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अभिराजांनी गंगव्वाची हात जोडून माफी मागितली.

शेषगिरींनी खिशातून कार्ड काढलं. "चुकलं माझं, अक्का. माझं नाव लागलं बोटांना. परत ठेववेना."

"संगणक केंद्रात बाईमाणसाचं काम सगळ्यात शेवटी घ्यायचे," अनुसूयाबाई म्हणाल्या. "हे माझं आधी घ्यायचे, वरिष्ठांची बोलणी खाऊन. हे नसते तर मी कुठली गणितज्ञ?"

गठ्ठा अपुरा राहील, असं अभिराज चाचरत पुटपुटले.

अनुसूयाबाईंनी ते कार्ड शेषगिरींच्या मुठीत परत घातलं आणि मूठ मिटवली.

"राहू दे अपुरा. हे यांचंच होतं. साठ वर्षं मीच दाबून ठेवलं."