थोरले मेलेलेच बरे

मी मारलेला माणूस माझ्यासमोर बसून डबा खात होता.

वर्षभरापूर्वी, मालिकेच्या पहिल्याच भागात, मी त्याला विमान अपघातात मारलं होतं. नऊ कारखाने, चार बंगले आणि एक आक्रस्ताळी आई मागे ठेवून त्या बड्या घराण्याचा थोरला मुलगा गेला. उरला तो दिवाणखान्याच्या भिंतीवरचा सोनेरी चौकटीतला फोटो. त्याच्यासमोर उभी राहून त्याची बायको गेले तीनशे भाग मन मोकळं करत होती. म्हणजे मीच करत होते म्हणा. त्या फोटोची एक प्रत माझ्या टेबलावर असायची... किंचित वाकडं नाक, शांत डोळे, आपलं बोलणं संपायची वाट बघणारा चेहरा. आणि आता तोच चेहरा सेटच्या मागे एका खोक्यावर बसून डब्याचा तळ पुसत होता.

"तुम्ही... जिवंत आहात?" मी विचारलं. शहाण्या बाईने विचारावा असा हा प्रश्न नव्हे.

"पगार तरी चालू आहे," तो म्हणाला. "मी साउंड रेकॉर्डिस्ट. पहिल्या दिवशी फोटोसाठी नट आला नाही, म्हणून मलाच उभं केलं. तेव्हापासून इथे सगळे मला स्वर्गवासी म्हणतात."

सेटवर मी सहसा फिरकत नाही. त्या दिवशी फोटोतल्या माणसाचा पत्ता काढायलाच आले होते. टीआरपी कोसळला होता आणि चॅनेलवाल्या बाईंनी फर्मान काढलं होतं, थोरल्यांना जिवंत करा, शुक्रवारपर्यंत. फोटोतला माणूस मिळाला नाही तर नवा नट आणा आणि प्लॅस्टिक सर्जरी झाली म्हणून सांगा. तुम्हाला लिहायचं नसेल तर दुसरी लेखिका तयार आहे.

लाज सोडून मी पुष्कळ लिहिलंय. त्या घरातल्या सासूची स्मृती तीनदा गेली, तीनही वेळा मृत्युपत्रावर सही करायच्या आदल्या दिवशी. पण एक बाई वर्षभर ज्या चेहऱ्याशी बोलली, तो बदलून तिला म्हणायचं, हाच तुझा नवरा, घे? मालिका सोडेन पण हे लिहिणार नाही, असं मी आईसमोर छातीठोकपणे बोलून बसले होते. आईला त्याचं काहीच नव्हतं. तिचा राग वेगळाच होता. "इतका सालस मुलगा, उगीच मारलास," हे ती मला वर्षभर ऐकवत होती.

"तुम्हाला परत यायचंय," मी त्याला म्हटलं.

"कुठून?"

"मरणातून. शुक्रवारी."

"नाही जमणार मॅडम. कॅमेरा लागला की माझी दातखीळ बसते. शाळेच्या नाटकात मी झाड झालो होतो, तर झाडाला घाम फुटला."

तेवढ्यात पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजू लागला. पत्रा वाजला की रेकॉर्डिंग बंद, म्हणजे सगळेच बसून. मी वैतागून त्याच्या शेजारच्या खोक्यावर टेकले.

"एकशे बाराव्या भागात एक वाक्य होतं," तो पावसाकडे बघत म्हणाला. "'तुम्ही गेल्यापासून घरात आवाज वाढलेत, बोलणं संपलंय.' नटीने शेवटचा शब्द खाल्ला. मी परत घ्यायला लावलं."

ते वाक्य मलाही आठवत नव्हतं.

"तुम्ही... ऐकता?"

"कामच आहे. पण काही वाक्यं हेडफोन काढल्यावरही राहतात. त्याचा पगार मिळत नाही." मग जरा थांबून, "आणि ती माझ्याच तोंडाकडे बघून बोलते ना... मग लक्ष जातं हो."

मला राग यायला हवा होता. माझे कान मात्र गरम झाले.

मी रोज जाऊन त्याचं डोकं खाल्लं, तो आला नाही तर मला मालिका सोडावी लागेल हेही सांगून टाकलं. तो रोज नाही म्हणाला, आणि रोज माझ्यासाठी शेजारचं खोकं पुसून ठेवलं. गुरुवारी अचानक म्हणाला, "करतो."

"का?"

"तुम्ही गेलात तर माझ्याशी बोलणार कोण?"

लगेच चाचणी घेतली. एकच वाक्य होतं, 'मी परत आलोय.' उद्योगपतीच्या कोटात तो नुसता थरथरत उभा. अकराव्या खेपेला दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, तरी तो "अजून एकदा घेऊ" म्हणत होता. माझ्यासाठी तो तिथे संध्याकाळपर्यंत उभा राहिला असता, हे मला दिसलं, आणि स्वतःचाच इतका संताप आला की काय सांगू.

"थांबा," मी म्हटलं. "थोरले मेलेलेच बरे."

घरी जाऊन मी लिहायला बसले. परत येणारा नट नवा, चेहरा नवा. तो सर्जरीची कथा सांगतो, आणि कारखान्यांच्या कागदांवर थोरल्याची सही हवी म्हणून अख्खं घराणं त्याला मिठ्या मारतं. फक्त बायको मानत नाही. चॅनेलवाल्या बाईंना सर्जरी मिळाली, मला माझी बायको मिळाली. "तोतया म्हणजे दोनशे भाग निघतील," बाई खूश होऊन म्हणाल्या.

तो प्रसंग चित्रित होताना मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. नटीने तोतयाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे.

"चेहरा बदलता येतो," ती म्हणाली. "पण हा नुसता बोलतोय. माझा माणूस ऐकायचा. वर्षभर मी भिंतीशी बोलले, आणि त्या भिंतीने मला जितकं ऐकलं, तितकं कुणीच ऐकलं नाही. मला तोच हवाय."

"कट. छान."

कोपऱ्यातल्या साउंडच्या टेबलामागून त्याचा हात वर आला. "पत्र्यावर पाऊस आहे. पुन्हा."

पुन्हा झालं. पुन्हा हात वर. तिसऱ्यांदाही झालं. मग दिग्दर्शक तणतणत दार उघडून बाहेर डोकावला. "अरे, बाहेर लख्ख ऊन पडलंय."

"मग आता ठीक आहे," तो शांतपणे म्हणाला. वर मात्र बघेना.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला खोक्यांपाशी गाठलं. "तीनदा का घ्यायला लावलंत?"

"पहिल्यांदा वाटलं, चुकीचं ऐकलं. दुसऱ्यांदा वाटलं, संवाद आहे, आपल्यावर घेऊ नये."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा... नुसतंच ऐकायचं होतं."

"वर्षभर मी एकटीच बोलतेय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, डोळेही भरले होते. "आता तुम्ही बोला."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "इथे कॅमेरा नाही ना?"

"नाही."

तरीही त्याच्या कपाळावर घाम आलाच. डब्याचं झाकण त्याने दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला, इतक्या हळू की त्याच्या यंत्रालाही कळलं नसतं.

मला नीट ऐकू आलं होतं.

"पुन्हा," मी म्हटलं. "पत्र्यावर पाऊस आहे."